बाहुल्यांच्या थिएटरातले जॅझवाले

नमस्कार मंडळी. जॅझच्या गप्पांमध्ये आज मी बाहुल्या आणल्यात आणि त्या अगदी गंभीरपणे आणल्यात. 'द मपेट शो' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कधीतरी पाहिला असेल, नसेल पाहिला तरी कर्मिट नावाचा तो हिरवा बेडूक ओळखीचा असतोच. १९७६ ते १९८१, पाच सीझन, १२० एपिसोड. एक जुनं थिएटर आहे, तिथे व्हरायटी शो चालतो, कर्मिट तो शो चालवतो, गाणारे, नाचणारे, जादू करणारे, वाजवणारे सगळे बाहुले, आणि दर एपिसोडला एक खराखुरा माणूस पाहुणा म्हणून येतो. वर बॉक्समध्ये दोन म्हातारे बसलेले असतात, स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ, त्यांचं काम एकच, जे काही चाललंय त्याला नावं ठेवायची.

आता त्या पाहुण्यांमध्ये जॅझवाले कोण कोण होते बघा. लीना हॉर्न, क्लिओ लेन, पर्ल बेली या गायिका, ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी, ड्रमर बडी रिच. ही सगळी आपापल्या रेषेतली टोकाची माणसं आहेत, आणि ती एका कापडी बेडकाच्या शेजारी उभी राहून हसतायत, गातायत, वाजवतायत. मला आज मुख्यतः एवढंच सांगायचंय की या कार्यक्रमात सगळ्या जगाची टिंगल होते, पाहुण्याची होते, यजमानाची होते, पण वाजवण्याची टिंगल कधी होत नाही. ते तसं का, हे बघण्यासारखं आहे.

पहिलं कारण तसं अगदीच व्यवहारातलं आहे. मपेट ज्याने जन्माला घातले तो जिम हेन्सन अमेरिकन, पण त्याचा हा शो घ्यायला अमेरिकेतली मोठी नेटवर्कं तयार नव्हती, बाहुल्या म्हणजे लहान मुलांचं काहीतरी, रात्रीच्या वेळेला मोठी माणसं कशाला बघतील असं त्यांचं म्हणणं. मग लू ग्रेड नावाच्या ब्रिटिश माणसाने तो घेतला, त्याच्या एटीव्ही कंपनीचा स्टुडिओ लंडनजवळ एल्स्ट्रीला होता, तिथे सगळं शूटिंग झालं. म्हणजे कार्यक्रम अमेरिकन डोक्यातला आणि वादकांचा ताफा लंडनचा. आणि त्या काळात लंडनच्या टीव्ही स्टुडिओत ऑर्केस्ट्रात कोण बसायचं, तर जुन्या बिग बँडमधून, म्हणजे पंधरा-वीस वादकांच्या जॅझ ताफ्यांतून आलेले, दिवसा रेकॉर्डिंग आणि रात्री क्लब असं जगणारे पक्के जॅझवाले. बिग बँडचा धंदा बसल्यावर या मंडळींना टीव्हीनेच पोसलं. त्यामुळे बाहुल्यांच्या मागे जे संगीत वाजतंय ते पहिल्या दिवसापासून असल्या हातांतून आलेलं आहे. अजून एक छोटी गोष्ट, अमेरिकेत जाहिराती जास्त असायच्या म्हणून ब्रिटनमध्ये दाखवायचा एपिसोड एक-दोन मिनिटांनी मोठा लागायचा, आणि ती जागा भरायला एखादं जास्तीचं गाणं किंवा प्रवेश घ्यायचे, संगीतवाल्यांसाठी तीही सोयच की.

दुसरं कारण खुद्द हेन्सन. तो कॉलेजात असतानाच, १९५५ साली, वॉशिंग्टनच्या लोकल टीव्हीवर पाच मिनिटांचा बाहुल्यांचा कार्यक्रम करायला लागला, त्यात सुरुवातीला बाहुले चक्क रेकॉर्डवर ओठ हलवायचे. त्यात हॅरी द हिपस्टर नावाचा एक बाहुला होता, त्या नावाचा एक खरा जॅझ पियानोवाला होऊन गेला, हॅरी गिब्सन, त्याच्यावरून. हॅरी आणि कर्मिटचा एक प्रवेश आहे, त्यात मनात आलेला विचार पडद्यावर चित्र होऊन उमटतो, साधं गाणं गुणगुणलं की नीटनेटके स्वर उमटतात, आणि जॅझचं गुणगुणणं सुरू झालं की पडद्यावर नुसतं रेघोट्यांचं जंगल माजतं. विशीतल्या पोराने केलेलं आहे हे, पण बीबॉप, म्हणजे १९४० च्या दशकातलं वेगवान, गुंतागुंतीचं जॅझ, ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय होतं हे त्याला नेमकं कळलेलं होतं हे दिसतं.

आणि मग ते 'मा ना मा ना'. हसू नका, हे गाणं पिएरो उमिलियानी नावाच्या इटालियन माणसाचं, जो स्वतः जॅझवाला होता, १९६८ चं. हेन्सनने ते १९६९ मध्ये बाहुल्यांवर केलं. दोन गुलाबी प्राणी तेच तेच पालुपद म्हणतायत, एक झिपऱ्या मधेच सुटतो, स्वतःचं काहीतरी गायला लागतो, लांब लांब जातो, त्याला वाटतं जमतंय, मग बाकीचे थांबून त्याच्याकडे बघायला लागतात, तो बिचकतो आणि गपगुमान मुखड्यावर येतो. आपल्याकडच्या बैठकीत तान घेऊन सम हुकलेल्या गायकाकडे तबलजी कसा बघतो ते आठवा. ठरलेला साचा, त्यातून एकट्याने बाहेर पडणं, किती लांब जायचं याची भीती आणि परत येणं, या दोन-अडीच मिनिटांत सोलो म्हणजे काय ते सगळं आलं. मी नवीन माणसाला जॅझ समजावताना हेच आधी दाखवतो, आणि लगेच कळतं.

आता जरा अवघड विषय. एवढा मोठा संगीतकार बाहुल्यांच्या कॉमेडी शोमध्ये गेला तर त्याचा मान कमी होतो का. हा प्रश्न जॅझमध्ये फार जुना आहे आणि वरवरचा नाही, कारण कृष्णवर्णीय कलाकाराने गोऱ्या प्रेक्षकांसमोर दात काढून हसायचं, डोळे फिरवायचे, ही अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या लादलेली गोष्ट होती. लीना हॉर्नचंच घ्या, पहिल्या सीझनमध्ये ती पाहुणी होती. १९४० च्या दशकात हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओशी तिचा करार होता, पण सिनेमात तिचं गाणं असं शूट करायचे की कथेशी त्याचा काही संबंधच नसेल, कारण दक्षिणेकडच्या थिएटरांना तो तुकडा कापून टाकता यायला हवा. ज्या बाईला कापता यावं म्हणून कथेतून बाहेर ठेवलं होतं ती इथे सगळ्या एपिसोडभर आहे, स्टेजवर आहे, पडद्यामागच्या गोंधळात आहे, बाहुल्यांशी गप्पा मारतेय. सगळेच बाहुले निळे, हिरवे, केशरी आणि केसाळ असल्यावर माणसाच्या रंगाचा प्रश्न तिथे उभाच राहत नाही. मला हे फार मोठं वाटतं.

आणि डिझी. डिझी गिलेस्पी चौथ्या सीझनमध्ये आला. जन्म २१ ऑक्टोबर १९१७, साउथ कॅरोलायनातलं शेरॉ नावाचं गाव. १९४० च्या दशकात सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करबरोबर ज्याने बीबॉप उभं केलं तो हा माणूस, न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स क्लबमध्ये रात्र रात्र जॅम करणारा, क्युबन तालवादक चानो पोझोला बँडमध्ये घेऊन जॅझला नवा ताल देणारा, १९५६ मध्ये अमेरिकन सरकारने जॅझचा राजदूत म्हणून जगभर पहिल्यांदा ज्याला पाठवला तो. संगीतात इतका काटेकोर, आणि स्टेजवर तितकाच खोडकर. १९६४ मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, व्हाइट हाउसचं नाव ब्लूज हाउस करणार म्हणाला, ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसला सीआयएचा प्रमुख नेमणार म्हणाला. त्या गमतीतून नागरी हक्कांच्या चळवळीसाठी पैसे गोळा होत होते हे मात्र लोक विसरतात.

त्याचा तो वाकडा ट्रम्पेट. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला त्याच्या बायकोच्या, लॉरेनच्या, वाढदिवसाची पार्टी होती, तिथे स्टँडवर ठेवलेल्या ट्रम्पेटवर कोणीतरी पडलं आणि त्याचं तोंड वर वळलं. डिझीने तसाच वाजवून बघितला, आवाज आपल्या कानाला जास्त लवकर पोचतो असं त्याला वाटलं, आणि मग त्याने मुद्दाम तसे बनवूनच घेतले. आणि त्याचे गाल. ट्रम्पेट शिकवणारा कुठलाही मास्तर पहिल्याच दिवशी सांगतो की गाल फुगवायचे नाहीत, आणि याचे गाल असे फुगायचे की डॉक्टरांनी त्या प्रकाराला त्याचंच नाव दिलं. ते गाल आणि तो आभाळाकडे बघणारा ट्रम्पेट घेऊन माणूस मपेटांच्या स्टेजवर आला की क्षणभर वाटतं हासुद्धा हेन्सनच्याच वर्कशॉपमध्ये शिवलेला आहे, कर्मिट बेडूक असूनही त्याचा गळा एवढा फुगत नाही.

पण थांबा, याच डिझीने तरुणपणी आधीच्या पिढीतल्या थोर ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगवर फार कडक टीका केली होती, गोऱ्यांना खूश करणारं मळ्यावरच्या गुलामाचं सोंग करतो म्हणून. बीबॉपची पोरं तेव्हा तशीच होती, आम्ही कलाकार आहोत, आम्ही हसवणार नाही. नंतर डिझीने ते मत बदललं, १९७९ ला आलेल्या त्याच्या आत्मचरित्रात त्याने लिहिलंय की आर्मस्ट्राँगचं ते हसणं मला तेव्हा कळलं नाही, वर्णद्वेषालासुद्धा आपल्या जगण्यातला आनंद हिरावून घ्यायला तो माणूस नकार देत होता, आणि पुढे मी स्वतःही तेच करायला लागलो. आता हे आत्मचरित्र आणि मपेट शोचा चौथा सीझन साधारण एकाच काळातले आहेत. म्हणून तो एपिसोड मी नुसती गंमत म्हणून बघू शकत नाही. साठी ओलांडलेला माणूस, ज्याने हसवण्याचा प्रश्न आयुष्यभर डोक्यात घोळवला, तो पूर्ण विचार करून बाहुल्यांमध्ये उभा राहतो. आणि ट्रम्पेट ओठाला लावला की एकही सूर चेष्टेतला नसतो.

आता घरच्या बँडकडे येऊ, मला सगळ्यात जास्त तिथेच रमायचंय. मपेटांचा स्वतःचा बँड, इलेक्ट्रिक मेहेम. पियानोवर डॉ. टीथ, न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. जॉन या पियानोवाल्या गायकावरून सुचलेला, बासवर फ्लॉइड, गिटारवर जॅनिस, सॅक्सोफोनवर झूट, तो निळा, टोपीवाला, गॉगलवाला, कायम अर्धवट झोपेत असलेला, एपिसोड संपताना वाजणाऱ्या गाण्याच्या अगदी शेवटी एकच जाडा सूर मारणारा. क्लबमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने असा एक सॅक्सोफोनवाला बघितलेला असतो. आणि ड्रमवर अ‍ॅनिमल. लाल, केसाळ, साखळीने बांधलेला, दोन-तीन शब्दांपलीकडे न बोलणारा.

अ‍ॅनिमलला चालवायचा फ्रँक ऑझ, जो मिस पिगी ही डुकरीण आणि फॉझी हे अस्वलपण करायचा. या लोकांचं काम कसं चालायचं ते सांगतो, सेट जमिनीपासून उंच उचललेला, खाली बाहुलेवाले उभे, हात डोक्याच्या वर, एक हात बाहुल्याच्या डोक्यात, आणि नजर खाली ठेवलेल्या मॉनिटरवर. म्हणजे तुम्ही घरी जे बघताय तेच ते बघतायत, आणि चित्र आरशासारखं उलटं केलेलं नसतं, त्यामुळे डावं-उजवं डोक्यात सतत फिरवत राहायचं. अशा अवस्थेत, खांदे भरून आलेले असताना, ड्रमच्या आवाजाशी बाहुल्याच्या अंगाची झटापट जुळवायची.

पण ते ड्रम वाजवत कोण होतं? रॉनी व्हेरेल. इंग्लंडमधला सर्वात नावाजलेला बिग बँड म्हणजे टेड हीथचा, त्याचा ड्रमर होता जॅक पार्नेल, तो १९५१ मध्ये बाहेर पडला आणि त्या जागेवर आला तरुण व्हेरेल. पंचवीस वर्षांनी एल्स्ट्रीच्या स्टुडिओत ऑर्केस्ट्रा चालवायला होता तोच जॅक पार्नेल आणि ड्रमवर तोच व्हेरेल. म्हणजे बघा, एका बँडच्या एकाच खुर्चीवर बसलेले दोन ड्रमर, एक जण कंडक्टरची काठी हातात घेऊन उभा, दुसरा अ‍ॅनिमल झालेला. पडद्यावर कंडक्टर म्हणून नायजेल नावाचा बाहुला दिसायचा, ड्रमर म्हणून अ‍ॅनिमल, आणि शंभराहून जास्त देशांतल्या पोरांनी ज्याला बघून ड्रमचा हट्ट धरला तो माणूस कॅमेऱ्यासमोर नव्हताच.

हे ऐकताना मला आपल्याकडचे गोव्याचे वादक आठवल्याशिवाय राहत नाहीत. हळदोण्याचा चिक चॉकलेट, ट्रम्पेटवाला, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे त्याला, ताजमध्ये वाजवायचा, आपल्या सी. रामचंद्रांचा सहाय्यक होता. 'अलबेला'त, १९५१ च्या, भगवानदादांच्या मागे त्याचा बँड दिसतो तरी, पण असे कितीतरी गोवेकर हिंदी गाण्यांत वर्षानुवर्षं वाजवत राहिले आणि रेकॉर्डवर नाव मात्र नाही. व्हेरेलची जातकुळी तीच. म्हणून मी जिथे जातो तिथे अ‍ॅनिमलच्या आधी त्याचं नाव घेतो.

व्हेरेलचं काम ओळखायचं असेल तर पहिल्या सीझनमधला अभिनेत्री रिटा मोरेनोचा 'फीव्हर' बघा. पेगी लीने गाजवलेलं गाणं, त्यात बास, ड्रम आणि चुटक्या एवढंच, मधे भरपूर मोकळी जागा. रिटा अतिशय मादकपणे गातेय आणि अ‍ॅनिमल प्रत्येक मोकळ्या जागेत धाडकन काहीतरी वाजवतो, ती दटावते, तो गप्प, मग परत. शेवटी ती दोन झांजांमध्ये त्याचं डोकं आपटते. विनोद सगळा टायमिंगवर उभा आहे, आणि टायमिंग देणारा ड्रमर अर्ध्या मात्रेने जरी चुकला तरी हसू येणार नाही. रिटाला या एपिसोडसाठी एमी, म्हणजे टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला. तिसऱ्या सीझनमध्ये गायक हॅरी बेलाफोंटेनेही अ‍ॅनिमलशी ड्रमची जुगलबंदी केली, बेलाफोंटे म्हटलं की लोकांना कॅलिप्सो, म्हणजे कॅरिबियन गाणी, आठवतं पण त्या माणसाची सुरुवात न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबमध्ये, मागे चार्ली पार्कर आणि ड्रमर मॅक्स रोच वाजवतायत अशी झालेली.

आणि पाचव्या सीझनमध्ये, १९८०-८१ ला, आला बडी रिच. हाही १९१७ चा, ३० सप्टेंबरचा, म्हणजे डिझीहून तीन आठवड्यांनी मोठा. आई-वडील व्हॉडव्हिलवाले, म्हणजे तिकडच्या व्हरायटी थिएटरवाले, हा जेमतेम चालायला लागला तेव्हापासून स्टेजवर ड्रम वाजवतोय. त्यामुळे मपेटांचं थिएटर म्हणजे जे जग त्याने बाळपणी खरंखुरं पाहिलं होतं त्याचंच बाहुल्यांनी उभं केलेलं रूप, तो तिथे परका नव्हताच. नोटेशन वाचायला शिकला नाही कधी, नवीन चीज दुसऱ्या ड्रमरकडून एकदा वाजवून घ्यायची, ऐकायची, आणि मग बसून अशी वाजवायची की लिहिणाऱ्यालाही नवी वाटावी. आधी आर्टी शॉ, टॉमी डॉर्सी यांचे बँड, मग १९६६ पासून स्वतःचा मोठा बँड. १९५० मध्ये पार्कर, डिझी आणि पियानोवाला थेलोनियस मंक यांच्या एका रेकॉर्डिंगला ड्रमवर हाच होता, जाणकार म्हणतात तो तिथे बसत नाही, बीबॉपला हवा तसा मोकळा वाजवत नाही, मला मात्र ते रेकॉर्डिंग त्या ओढाताणीसाठीच आवडतं.

आणि आपल्या मुंबईशी त्याचा एक पक्का धागा आहे. १९६८ मध्ये बडी रिच आणि उस्ताद अल्लारखाँ यांची एक एलपी आली, पंडित रविशंकरांचा तिच्यात मोठा वाटा होता. म्हणजे बडी रिच समोरच्याचा सवाल ऐकून जवाब द्यायला एका तबल्याच्या उस्तादासमोर बसलेला माणूस होता. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको, फडावर शाहीर सवाल टाकतो, समोरचा जवाब देतो, तबलजी आणि सतारवाला तेच करतात. जॅझमध्ये ड्रमर चार-चार बारचे, म्हणजे चार छोट्या आवर्तनांएवढे, तुकडे आळीपाळीने वाजवतात तेव्हा नियम तोच, समोरच्याने काय टाकलं ते ऐकायचं आणि त्यात भर घालून परत करायचं.

तर असा हा माणूस, ज्याच्या तापटपणाच्या कहाण्या अमेरिकेभर, ज्याने बँडच्या बसमध्ये पोरांना झापलेलं कोणीतरी चोरून टेप केलं आणि ते टेप आजही वादक एकमेकांना ऐकवतात, तो वयाच्या त्रेसष्टीत एका लाल बाहुल्यासमोर ड्रम लावून बसतो. खाली फ्रँक ऑझ हात वर करून उभा. कॅमेऱ्याबाहेर रॉनी व्हेरेल. जुगलबंदी सुरू होते, तुकडे टाकले जातात, वेग वाढतो, आणि शेवटी अ‍ॅनिमलला आपण हरलोय हे सहन होत नाही, तो स्नेअर ड्रम उचलून बडी रिचच्या डोक्यात घालतो.

आता व्हेरेलच्या जागी बसून विचार करा. समोर जगातला सर्वात वेगवान ड्रमर. कथेप्रमाणे तुम्हाला हरायचंय. पण वाजवणं जरा जरी कच्चं झालं तर सामना खोटा वाटेल आणि रिचचा मान जाईल, बडी रिचसारख्या माणसाला तर ते पहिल्या चार बारमध्येच कळलं असतं. बरं, फार बारीक, फार सुबक वाजवलं तर तो अ‍ॅनिमल राहणार नाही. म्हणजे रानटी वाटायला हवं, एका बाहुल्याच्या स्वभावाचं वाटायला हवं, आणि तरी बडी रिचला खरा जवाब मिळाला पाहिजे. हे सगळं व्हेरेलने केलंय आणि मला विचाराल तर त्या रात्रीचं जास्त अवघड काम त्याचं होतं. रिचला फक्त बडी रिच असायचं होतं.

क्लिप दोनदा लावणार आहे. पहिल्यांदा नुसती बघा, हसायचं तिथे हसा, आणि रिच वाजवत असताना अ‍ॅनिमलकडे नजर ठेवा, कारण तिथे वाजवणं नाहीये, फ्रँक ऑझ फक्त ऐकण्याचा अभिनय करतोय आणि बाहुल्याला तो शिकवणं वाजवण्याच्या अभिनयापेक्षा कठीण. दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. रिचचा डावा हात ओळखता येतो, ते एकसारखे सुटे ठोके, इतक्या वेगातही एकही चिकटलेला नाही. व्हेरेलचा आवाज जाडा, बिग बँडमधून आलेला, तो मागच्या रांगेतल्या ट्रॉम्बोनवाल्यांना उठवायची सवय असल्यासारखा वाजवतो. दोन माणसं वेगळी ऐकू आली की मला सांगा, प्रश्न त्यानंतर घेऊ.